धाकट्या भावाला अमेरिकेत कोर्टाची नोटीस, लग्नावरचं ग्रीन कार्ड अर्धवट. बेळगावात बसून आम्ही काय करू शकतो?

टिळकवाडीची_ताई

नमस्कार मंडळी. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातले बरेच जण तिकडे आहेत म्हणून इथे विचारते. थोडं लांबेल.

धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. इथे व्हीटीयू विद्यापीठाचं इंजिनिअरिंग करून २०१५ ला एमएसला गेला, मग एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी. २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने माणसं कमी केली, त्यात हा गेला. साठ दिवसांत दुसरी कंपनी हवी होती. मिळाली ती व्हिसा करून देणारी नव्हती. मुदतवाढीचा अर्ज केला, तो नामंजूर झाला आणि हा तिथेच राहिला. आम्हाला फोनवर 'सगळं बरं आहे' एवढंच.

२०२४ च्या अखेरीस त्याने तिथेच सिटी हॉलमध्ये लग्न केलं. मुलगी जन्माने तिथलीच, नागरिक आहे, तिचे आईवडील मूळचे डॉमिनिकन रिपब्लिकचे. दवाखान्यात कामाला आहे. आम्ही तिच्याशी बोलतो, चांगली आहे. पण भाऊबंदांत अजून कोणाला सांगितलेलं नाही. आईचं म्हणणं, दोघं इकडे आली की कार्यालय घेऊन अक्षता टाकू, तोवर वाच्यता नको.

त्यांनी आय-१३० (बायकोने नवऱ्यासाठी करायचा) आणि आय-४८५ (त्याच्या ग्रीन कार्डाचा) असे दोन्ही अर्ज एकत्र भरले. मुलाखतीची वाट बघत होते, तेवढ्यात पोस्टाने 'नोटीस टू अपिअर' आली. इमिग्रेशन कोर्टात हजर राहा म्हणून.

आता आमच्या घरचं. बाबांची बायपास ठरली आहे. आई रोज म्हणते, दहा दिवसांसाठी तरी ये, बापाचं तोंड बघून जा. दुसरं, तिथल्या कोणीतरी त्याच्या डोक्यात घातलंय की कोर्टात जाऊच नको, कोर्टाच्या व्हरांड्यातूनच उचलून नेतात. तिसरं, वकिलाने जन्मदाखला मागितलाय. पासपोर्टवर जन्मस्थळ 'बेळगाव', आणि जन्म झालाय आईच्या माहेरी, चंदगड तालुक्यातल्या खेड्यात. इथला एक एजंट म्हणतो, बेळगावचा दाखला 'करून' देतो आणि नोटीसही 'मिटवतो'.

काय करू?

कांग्राळीकर

ताई, बोलावून घ्या की इकडं. काय लागून राहिलंय तिकडं? बाप आजारी, आई रडायल्या, आणि ह्यो तिथं तारखा मोजत बसणार. इकडं येऊन बायकोनं अर्ज करू दे, मुंबईच्या वकिलातीतनं व्हिसा काढून परत जाऊ दे. सरळ काम हाय.

निपाणीची_लेक

कांग्राळीकर दादा, हे सरळ काम नाही. ताई, बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा.

मी बारा-चौदा वर्षं कॅलिफोर्नियात आहे, माझं कार्डही लग्नावरचंच. तुमच्या भावाची मोठी जमेची बाजू अशी की तो व्हिसावर, विमानतळावर शिक्का मारून घेऊन आत गेला आहे. अमेरिकन नागरिकाच्या नवऱ्याने किंवा बायकोने आत येताना रीतसर प्रवेश घेतला असेल, तर नंतर मुदत उलटून राहिल्याचा दोष ग्रीन कार्डाच्या अर्जात आडवा येत नाही. पण ही सवलत तो तिथे आहे तोवरच. देशाबाहेर पाऊल पडलं की हिशेब बदलतो. आय-९४ वरची, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवरची राहण्याची तारीख संपल्यावर बेकायदा राहणं एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं असेल आणि माणूस बाहेर पडला, तर दहा वर्षं परत प्रवेश नाही. सहा महिन्यांच्या वर आणि वर्षाच्या आत असेल तर तीन वर्षं. म्हणजे तो बाबांना भेटायला दहा दिवस येईल आणि दहा वर्षं इथेच राहील.

मुंबईच्या वकिलातीतही हाच प्रश्न निघेल. माफीचा अर्ज असतो, पण त्यात बायकोला असह्य हाल होतील हे सिद्ध करावं लागतं. नुसता विरह त्यात धरत नाहीत.

शिवाय आय-४८५ चालू असताना प्रवासाची परवानगी न घेता बाहेर गेलं की तो अर्ज सोडून दिला असं धरतात. परवानगी मिळाली तरी कोर्टाची केस चालू असताना तिच्या भरवशावर विमानात बसू नये. आईंना हे तुम्हीच सांगायला हवं. त्याला फोनवर सांगायला लावू नका, त्याच्याने होणार नाही.

टिळकवाडीची_ताई

दहा वर्षांचं त्याने आम्हाला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. आईला वाटतंय बायकोने अडवून धरलंय.

शहापूर_ते_शिकागो

वकील नाही, पण इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात फायली बघतो. त्यामुळे हे माहिती म्हणून घ्या, सल्ला भावाच्या वकिलाचाच.

लोकांचा गोंधळ होतो तो इथे. लग्नाचा अर्ज बघतं एक खातं, यूएससीआयएस. हद्दपारीची केस चालते इमिग्रेशन कोर्टात, तिथे जज. एकीकडे अर्ज पडून आहे म्हणून दुसरीकडची केस आपोआप थांबत नाही. ऑगस्ट २०२५ पासून यूएससीआयएसच्या धोरणातच लिहिलंय की कुटुंबाचा अर्ज दाखल झाला किंवा मंजूर झाला तरी त्याने राहण्याचा हक्क मिळत नाही, आणि अशा माणसाला हजेरीची नोटीस निघू शकते. तुमच्या भावाला आली ती काही जगावेगळी नाही.

नोटीस हातात पडली म्हणजे ती कोर्टात दाखल झालीच असंही नाही. तिच्यावर नऊ आकडी ए-नंबर, म्हणजे त्या माणसाचा इमिग्रेशनचा ओळख क्रमांक असतो. तो इमिग्रेशन कोर्टाच्या संकेतस्थळावर टाकला की केस उघडलीय का आणि तारीख कधीची, ते दिसतं. भावाने दर आठवड्याला बघावं. तारखा पुढे जातात तशा अलीकडेही येतात, आणि त्याचं पत्र कधीकधी नंतर पोचतं. घर बदललं तर पाच कामाच्या दिवसांत कोर्टाला वेगळ्या फॉर्मवर कळवायचं. यूएससीआयएसला कळवलं म्हणजे कोर्टाला कळलं असं होत नाही.

केस कोर्टात दाखल झाल्यावर आय-१३० यूएससीआयएसकडेच राहतो, म्हणजे लग्न खरं आहे की नाही ते तेच ठरवणार. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्ड द्यायचं की नाही, हे मात्र जजच्या हातात जातं. किंवा वकील जजला विनंती करतो की केस बंद करा, यूएससीआयएसलाच निकाल देऊ दे. सरकारी वकील आडवा येतो का, जज कोण आहे, यावर ते अवलंबून. या कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही. स्वतःचा केला नसेल तर उद्या करा.

ताई, एक चांगली गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. लग्न नोटिशीच्या आधीचं आहे. हद्दपारीची केस सुरू झाल्यावर लग्न केलं असतं तर कायदा ते संशयानेच बघतो, आणि खरेपणाचा पुरावा जास्त भक्कम द्यावा लागतो. तो डोंगर तुमच्यासमोर नाही.

येळ्ळूरचा_पोरगा

आणि ते व्हरांड्यातून उचलून न्यायचं? खरं आहे का ते?

शहापूर_ते_शिकागो

खरं आहे. २०२५ च्या मे-जूनपासून कोर्टाच्या इमारतीत अटका झाल्या आहेत, खोटं कशाला सांगू. तरीही कोर्टात जायचंच. गेलं नाही तर जज गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश काढतो, आणि तसा आदेश निघाला की पुढची दहा वर्षं ग्रीन कार्डाचा हा मार्ग साधारणपणे बंद. म्हणजे पकडतील या भीतीने घरी बसलेला माणूस स्वतःच स्वतःची केस हरतो, आणि नंतर रस्त्यात सापडला तर त्याच्या हातात काहीच नसतं. वकील बरोबर असावा. बायकोकडे ए-नंबर आणि वकिलाचा फोन कागदावर लिहिलेला असावा, फक्त मोबाईलमध्ये नको. रीतसर प्रवेश केलेल्याला अटक झालीच तर जामिनासाठी जजपुढे जाता येतं. सुनावणी ऑनलाइन मिळते का, हेही वकिलाने विचारावं.

खानापूरकर_मामा

आमच्या भावकीतला एक पोरगा मेक्सिकोतनं भिंत ओलांडून गेला. एजंटाला जमीन विकून पैसे दिले. त्यानंही तिथं लगीन केलंय, नागरिक बाईशी. त्याचं होईल का असंच?

निपाणीची_लेक

मामा, त्याचं असं होणार नाही. तपासणी न होता आत गेलेल्याला तिथे राहून लग्नावर ग्रीन कार्ड मिळत नाही, काही मोजके अपवाद सोडून. त्याला बाहेर यावंच लागतं, आणि बाहेर आला की ती दहा वर्षं. जायच्या आधी माफी मागून घेण्याची सोय आहे, पण ते वकिलाशिवाय करू नका. ५ फेब्रुवारी २०२५ ला लष्करी विमानातून १०४ जण अमृतसरला आणून उतरवले, त्यांत बरेच याच वाटेने गेलेले होते. पोराला म्हणावं, बायको नागरिक आहे म्हणून निर्धास्त राहू नको.

रामदेव_गल्ली

कडू वाटेल, पण विचारतो. नोकरी गेली, व्हिसा गेला आणि मग लगेच नागरिक मुलगी सापडली? घरच्यांनाही सांगितलं नाही. पेपर मॅरेज नाही ना हे? तसं असेल तर इथे सल्ले देणारेही अडकतील.

टिळकवाडीची_ताई

ओळख २०२२ ची आहे, नोकरी जायच्या आधीची. लपवलं ते आम्ही, त्याने नाही. मुलगी आपल्यातली नाही, कोण काय म्हणेल या भीतीने. तुम्हाला सगळं लिहून दाखवायची खरं तर गरज नाही.

शहापूर_ते_शिकागो

रामदेव गल्ली, तुमचा प्रश्न उद्धट आहे, पण तिथला अधिकारीही हाच विचारणार आहे. म्हणून ताई, रागावू नका, उत्तराची तयारी करा. कार्डासाठी खोटं लग्न हा तिथे गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. तो शिक्का एकदा बसला की पुढे खरं लग्न केलं तरी तो अर्ज मंजूर होत नाही. म्हणून अधिकारी खोदून विचारतात.

निपाणीची_लेक

आणि इथेच तुमच्या घरची लपवाछपवी महागात पडते. आमच्या मुलाखतीत साहेबाने अल्बम चाळला आणि विचारलं, नवऱ्याकडचे पंधरा जण दिसतात, तुमच्याकडचं कोणीच नाही, का? माझ्या आईवडिलांना व्हिसा नाकारला होता. ते पत्र मी फाईलमध्ये ठेवलं होतं म्हणून बरं. तुमच्या बाबतीत असा प्रश्न आला तर भाऊ काय सांगणार? 'आमच्या काकांनाही माहीत नाही'?

भाड्याचा करार, एकत्र बँक खातं, टॅक्स रिटर्न, विमा हे ते दोघं जमवतील. तुमच्याकडून हवं ते वेगळं. आईबाबांनी सुनेशी केलेल्या व्हिडिओ कॉलचे फोटो, तिला पाठवलेल्या साडीची पावती, नणंद-भावजयीचं व्हॉट्सॲपवरचं बोलणं. मुद्दाम घडवू नका, आहे तेच काढा. आणि नातेवाइकांची पत्रं. पत्रात लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, भावाशी नातं, आणि या लग्नाबद्दल त्याला काय आणि कसं माहीत आहे, ते हवं. 'दोघं सुखी आहेत, आशीर्वाद आहेत' अशा पत्राला काडीची किंमत नाही. 'दिवाळीला तिने फोनवर मला चकलीची कृती विचारली आणि तिची मोडली' असं पत्र लिहा.

जुना_कारकून

उशिरा आलो. तालुका कचेरीत हयात गेली, त्यामुळे जन्मदाखल्याचं मी बोलतो.

बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज, आणि मधून गेली आहे राज्याची सीमा. त्यामुळे माणूस वाढला कर्नाटकात आणि त्याची जन्मनोंद महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत, अशी प्रकरणं मी ढिगाने पाहिली आहेत. पासपोर्टच्या फॉर्मवर बहुतेक जण राहतं गावच लिहून मोकळे होतात.

एजंटकडून बेळगावचा दाखला करून घेऊ नका. त्याने एका माणसाच्या दोन जन्मनोंदी होतात, आणि अमेरिकेच्या सरकारपुढे बनावट कागद ठेवला की लग्न खरं असूनही केस बुडेल. नोटीस मिटवणारा एजंट तर अजून जन्मायचाय.

चंदगडला जा. आईचं माहेर ज्या ग्रामपंचायतीत येतं तिथे जन्ममृत्यू रजिस्टर काढायला लावा. शोधताना भावाच्या नावाने शोधू नका. त्या काळच्या नोंदीत बाळाच्या नावाचा रकाना बहुधा कोरा असतो, बारसं नंतर होतं. जन्मतारीख आणि वडिलांचं नाव धरून शोधा. आईचं नाव कधी माहेरचं लिहिलेलं असतं, कधी सासरचं, दोन्ही बघा. नोंद नाहीच सापडली तर 'नोंद उपलब्ध नाही' असा लेखी दाखला मागा, तोही तिकडे चालतो. त्याच्या जोडीला शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. मामी असतील, सुईण असेल, शेजारीण असेल. नातेवाईक चालतात.

पासपोर्टवरच्या जन्मस्थळाबद्दल वडिलांनी साध्या भाषेत प्रतिज्ञापत्र करावं: जन्म अमुक गावी आजोळी झाला, कुटुंब बेळगावात राहायचं म्हणून तसं लिहिलं गेलं. त्यात 'बेळगाव' आणि 'बेळगावी' एकच, १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारने नाव बदललं, हेही घाला. तिकडच्या बाबूला ही दोन गावं वाटतात.

येळ्ळूरचा_पोरगा

आणि नाव? माझ्या मार्क्स कार्डावर कर्नाटक पद्धतीने नाव आणि पुढे इनिशिअल, पासपोर्टवर मराठी पद्धतीने नाव-वडील-आडनाव. मला नोकरीच्या वेळी किती ताप झाला होता.

जुना_कारकून

तेही त्याच प्रतिज्ञापत्रात. 'ही सर्व नावे एकाच व्यक्तीची' म्हणून सगळी रूपं एकाखाली एक लिहा.

कांग्राळीकर

मग बापाचं काय? कायद्याचं सगळं बरोबर हाय, खरं म्हाताऱ्याचं ऑपरेशन तारीख बघून थांबतंय व्हय? आणि किती वर्षं चालतंय हे कोर्ट?

शहापूर_ते_शिकागो

तिथल्या इमिग्रेशन कोर्टांत तीस लाखांहून जास्त केसेस पडून आहेत. लवकरही लागेल, वर्षंही जातील.

रामदेव_गल्ली

सीमाभागातल्या माणसाला तारखांचं काय नवल. आपला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहेच की.

निपाणीची_लेक

कांग्राळीकर दादा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. माझे वडील गेले तेव्हा माझा अर्ज चालू होता. मी गेले नाही. बरोबर केलं का, ते मला आजही ठाम सांगता येत नाही. कोणी जाऊन आलं असतं तर मी त्याला चूक म्हटलं नसतं. पण जाणाऱ्याला दहा वर्षांचं ठाऊक हवं. कोर्टाकडून स्वखुशीने निघून जाण्याची मुभा मिळते. त्याने हद्दपारीचा शिक्का टळतो, दहा वर्षांची बंदी टळत नाही. हे घरच्या सगळ्यांसमोर एकदा मोकळेपणाने मांडा आणि त्या दोघांना ठरवू द्या. त्यात त्या मुलीचंही आयुष्य आहे.

टिळकवाडीची_ताई

सगळ्यांचे आभार. मध्ये बरेच दिवस लिहायला जमलं नाही, आता एकदमच सांगते.

बाबांचं ऑपरेशन झालं. घरी आणलंय, दोन जिने चढायची परवानगी नाही अजून, कुरकुर चालू. भाऊ आला नाही. आईला मी दहा वर्षांचं सांगितलं, तेव्हा दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मग स्वतःच सुनेला फोन लावला. दोघींची भाषा एक नाही, भाऊ मध्ये. बायपासच्या पथ्याबद्दल सुनेने एवढं विचारलं की आई नंतर म्हणाली, हिला दवाखान्यातलं कळतं.

भावाने वकीण बाई केली आहे. केस कोर्टात दाखल झाली आहे, पहिल्या तारखेला तो तिच्याबरोबर जाऊन आला, काही झालं नाही, पुढची तारीख मिळाली. तिने केस बंद करण्याची विनंती केली आहे. आय-१३० ची मुलाखत वेगळी होणार.

काकांना सांगितलं. लग्न परजातीत, परधर्मात याबद्दल चकार शब्द नाही. 'मला वर्षभर कळवलं नाहीत' यावरून मात्र तासभर ऐकवलं. मग पत्र लिहून दिलं, चार पानी, त्यात निम्मं आमच्याबद्दलच्या तक्रारी. वकीण म्हणाली, हे पत्र मुळीच बदलू नका.

चंदगडला नोंद सापडली! नावाचा रकाना कोराच, आईचं नाव माहेरचं. कारकून काका, तुम्ही म्हणालात तसंच. मामी आणि शेजारच्या आजींचं प्रतिज्ञापत्र केलं. आता फक्त भाषांतरं राहिली. दाखला मराठीत, शाळेची टीसी कन्नडमध्ये, काकांचं पत्र मराठीत. कोर्टासमोरचे नोटरी म्हणतात की सरकारमान्य भाषांतरकारच लागतो आणि पानाला भरपूर पैसे सांगतात. खरंच लागतो का?

शहापूर_ते_शिकागो

लागत नाही. दोन्ही भाषा नीट येणारं कोणीही चालतं, फक्त ते तुम्ही किंवा भाऊ नसलेलं बरं. पूर्ण मजकुराचं भाषांतर करायचं, शिक्क्यातली अक्षरं आणि कोरे रकानेसुद्धा 'कोरा' म्हणून. खाली भाषांतरकाराने लिहायचं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात. सही, नाव, पत्ता, तारीख. काकांच्या तक्रारींचंही भाषांतर करा, गाळू नका.

जुना_कारकून

कन्नड टीसी माझ्याकडे पाठवा ताई. मूळ प्रत नको, झेरॉक्स. शाळेचा शिक्का स्पष्ट येईल अशी काढा, गेल्या वेळी एकाने आणली त्यात तालुक्याचं नावच वाचता येत नव्हतं.